शंभर मणी आणि वरचे आठ

गर्गे मॅडमना देवाधर्माचं फारसं नव्हतं. महाकालाच्या गावात राहूनसुद्धा बाहेरगावचे पाहुणे आले, तरच त्या देवळाकडे जायच्या, आणि तेव्हाही रांगेत उभ्या राहून पुढच्या माणसाच्या मानेवरचा मस निरखायच्या. तरी माधव नगरातल्या त्यांच्या गल्लीत सगळ्यांची पक्की समजूत होती, की बाई मोठ्या जपी आहेत. कारण सकाळी नऊपासून दुपारपर्यंत त्या खिडकीपाशी मान खाली घालून बसलेल्या दिसत, डाव्या हातात रुद्राक्षाची माळ, मणी एकेक करून सरकतोय, ओठ हलताहेत. रस्त्यावरून जाणारी एखादी म्हातारी लांबूनच हात जोडून पुढे जाई.

मान खाली असायची ती मायक्रोस्कोपवर. आणि ओठांतून निघायचं ते ‘दोन, तीन, दोन, पाच, दोन’.

काचेवर मांजरीच्या स्तनातल्या गाठीचा पातळ काप असे. त्यातल्या एकेका पेशीचं केंद्रक बघायचं, त्यात चांदीच्या द्रावणानं उमटलेले काळे ठिपके किती आहेत ते म्हणायचं आणि एक मणी सोडायचा. ठिपके कमी, म्हणजे पेशी सावकाश वाढते आहे. ठिपके जास्त आणि वेडेवाकडे, म्हणजे ती घाईत आहे. शंभर पेशी मोजल्या की सरासरी काढायची. ही माळ त्यांनी राम घाटावरच्या एका विक्रेत्याकडून घेतली होती. तो म्हणाला होता, “माताजी, एक सौ आठ दाने हैं. सौ नाम के, आठ भूल-चूक के.” हे त्यांना इतकं आवडलं, की माळेबरोबर त्यांनी हे वाक्यही घरी आणलं. मला म्हणायच्या, “बघा पागनीस, आयुष्यभर शास्त्र शिकवलं, पण चुकीसाठी आधीच जागा राखून ठेवणारं मोजमाप मला या घाटावरच्या माणसानं दिलं.”

त्या माळेतल्या वरच्या आठ मण्यांमुळे मी आज माझ्या धंद्यात मान वर करून उभा आहे. हे सांगायचं तर मी काय केलं होतं तेही सांगावं लागेल, आणि ते सांगण्यासाठीच हे लिहायला बसलो आहे.

मी तेव्हा उज्जैनच्या सरकारी जनावरांच्या दवाखान्यात नवा डॉक्टर होतो. सिंहस्थ होऊन दोनेक वर्षं झाली होती. गावात घराघरावर केबलच्या तारा आल्या होत्या, नाक्यानाक्यावर पिवळे एसटीडी बूथ उघडले होते, आणि औषधांच्या दुकानांत आतापर्यंत नुसतं नाव ऐकलेली औषधं दिसायला लागली होती. दिवसभर दवाखान्यात म्हशी, बैल, टांग्याचे घोडे. संध्याकाळी मी घरोघरी जाऊन कुत्री-मांजरं बघायचो. कॉलनीत लोकांना नव्यानं जनावरं पाळायची हौस आली होती आणि मला नव्यानं नाव कमवायची.

मॅडम बाहेरगावच्या पशुवैद्यक महाविद्यालयात पॅथॉलॉजी शिकवून निवृत्त झाल्या होत्या. लग्न केलं नव्हतं. वडिलांच्या मागे राहिलेल्या तीन खोल्यांत एकट्या राहत. एके दिवशी दवाखान्यात आल्या त्या हातात कापडी पिशवी घेऊन. मी एका मांजरीची गाठ काढून नुकतीच बादलीत टाकली होती. त्यांनी बादलीत वाकून पाहिलं, मग माझ्याकडे.

“हे काय होतं?”

“गाठ होती, मॅडम.”

“ते मलाही दिसतंय. कसली?”

“साधीच असावी. मऊ लागत होती.”

“दिसलं काय ते सांगा. वाटलं काय ते मग विचारीन.”

हे वाक्य पुढे मी शेकडो वेळा ऐकलं. त्या दिवशी मला राग आला होता. त्यांनी मात्र पिशवीतून मुरांब्याच्या चार रिकाम्या बरण्या काढल्या, माझ्या टेबलावर मांडल्या आणि सांगितलं, की इथून पुढे मांजरीची एकही गाठ बादलीत जाणार नाही. बरणीत फॉर्मॅलीन, त्यात गाठ, आणि आत कागदाची चिठ्ठी. चिठ्ठी शिसपेन्सिलीनंच लिहायची, कारण शाई विरघळते आणि मग सगळ्या मांजरी सारख्याच होतात.

“बिल्ली ही क्यों, मैडम?” माझ्या कंपाउंडरनं, दुबेजींनी, हिंदीत विचारलं होतं. “गाय-भैंस की करो, तो सरकार इनाम भी दे.”

“दुबेजी, गाय की चिंता करनेवाले बहुत हैं,” त्या म्हणाल्या. “बिल्ली मरती है तो लोग कहते हैं, दूसरी आ जाएगी.”

मग मला मराठीत समजावलं. मांजरीच्या स्तनातली गाठ बहुतेक वेळा वाईटच निघते. बाईच्या कर्करोगाशी तिचं फार जवळचं नातं आहे. पण कुठली गाठ धावणार आणि कुठली बसून राहणार हे बाहेरून कळत नाही. गाठीच्या आत काही खुणा असतात. त्या वाचता आल्या, तर कापायचं किती आणि मालकाला सांगायचं काय, हे आधी ठरवता येतं. “मला त्या खुणा हव्यात. त्यासाठी मला तुमच्या बादलीतलं सगळं हवंय.”

त्यांची प्रयोगशाळा म्हणजे स्वयंपाकघराचा अर्धा भाग. मधे खडूनं रेघ मारलेली. रेघेच्या अलीकडे पोहे, पलीकडे विष. पलीकडचा चमचा अलीकडे आलेला मी कधी पाहिला नाही. चांदीचं द्रावण अंधारात ठेवावं लागे, म्हणून धान्याची रिकामी पत्र्याची कोठी होती. त्या द्रावणानं त्यांच्या बोटांची टोकं कायम काळी असत, घासून न निघणारी. हळदीकुंकवाला गेल्या की बायका विचारायच्या, कच्ची केळी सोलत होतात का. त्या म्हणायच्या, “हो, रोजच सोलते.”

पाणी फार शुद्ध लागे. ते त्या मोटारीच्या बॅटरीत घालायचं पाणी विकणाऱ्या दुकानातून आणायच्या. दुकानदाराला हे कोडं कधी सुटलं नाही. एकदा माझ्यादेखत त्यानं विचारलं, “मैडम, गाड़ी तो आपके पास है नहीं. हर हफ्ते ये पानी किसको पिलाती हो?”

“बिल्लियों को.”

“बिल्लियाँ बैटरी से चलती हैं?”

“तुम्हारे मोहल्ले की नहीं, मेरे मोहल्ले की,” असं म्हणून त्या कॅन उचलून चालू लागल्या. पुढे तो माणूस गिऱ्हाइकांना सांगायचा, की माधव नगरात एक मोठी साइंटिस्ट आहे, मांजरीवर गाडी चालवते.

त्यांच्याकडे एक वही होती. प्रत्येक मांजरीला एक पान. नाव, वय, किती बाळंतपणं, गाठ कुठे, ठिपके किती, पुढे काय झालं. आणि एक रकाना होता: ‘आधी दिलेली औषधं’. मांजरी माझ्याकडून जात, म्हणून हा रकाना मी भरायचो.

आता माझं सांगतो.

मांजरीची गर्भपिशवी काढायची शस्त्रक्रिया मला नीट येत नव्हती. कॉलेजात एकदा पाहिली होती, हातानं कधी केली नव्हती. आणि लोक तर सारखे येत: डॉक्टरसाहेब, पिल्लं नकोत, काहीतरी करा. नव्या औषधांमध्ये बायकांसाठीचं एक गर्भनिरोधक इंजेक्शन आलं होतं, संप्रेरकाचं म्हणजे हार्मोनचं, तीन-तीन महिन्यांनी घ्यायचं. कुणीतरी सांगितलं, मांजरीलाही चालतं. मी थोडं थोडं देऊन पाहिलं. चाललं. मांजरी माजावर येईनात, पिल्लं होईनात, लोक खूश. ‘पागनीस डॉक्टरांची सुई’ असं नाव झालं. घरोघरी बोलावणी येऊ लागली. कापाकापी नाही, टाके नाहीत, माझं अज्ञान उघडं पडायची भीती नाही.

मग त्यातल्या काही मांजरी गाठी घेऊन परत यायला लागल्या.

मला कळायला हवं होतं. खरं तर कळलं होतं. ज्या दिवशी पहिल्यांदा शंका आली, त्या दिवशी मी मॅडमच्या वहीत त्या रकान्यात लिहिलं, ‘काही नाही’. दुसऱ्या वेळी लिहिणं सोपं गेलं. नंतर तर हात आपोआप लिहायचा. शिसपेन्सिलीनं, त्यांच्या नियमाप्रमाणे.

त्यातली एक होती निवृत्त पोस्टमास्तर कानडे यांची सोनी. पिवळ्या रंगाची, शांत. तिची गाठ मी काढली, तेव्हा ती लिंबाएवढी झाली होती. मॅडमनी मोजलं. ठिपके भरपूर होते, मोडलेल्या मोहरीसारखे. तीन महिन्यांत सोनीला धाप लागली, छातीत पसरलं होतं, आणि ती गेली. कानड्यांना मुलंबाळं नव्हती. त्यांनी तिला अंगणात कण्हेरीखाली पुरलं. मी तिथं उभा होतो आणि डोळे पुसत होतो. आजही मला ते माझे डोळे पुसणं आठवलं, की लाज वाटते.

इकडे मॅडम वही चाळून चाळून हैराण. “अहो पागनीस, आपल्या उज्जैनच्या मांजरींना हे इतक्या लहान वयात का होतंय? इतरत्र म्हाताऱ्या मांजरींना होतं. इथे चार-पाच वर्षांच्या!” त्यांनी पाण्याचा विचार केला, डासांच्या फवारणीचा केला, कापडगिरण्यांच्या रंगाचा केला. शेवटी एका परिषदेत वाचायला निबंध लिहायला घेतला: या भागातल्या मांजरींमध्ये तरुण वयातला कर्करोग. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना बोलावलं होतं. निबंध टाइप करून आणला, तेव्हा त्यांनी तो माझ्या हातात ठेवला आणि म्हणाल्या, “बघा, दुसरं नाव तुमचं आहे.”

माझ्या खोटेपणावर उभा असलेला तो निबंध, आणि त्यावर माझं नाव. मी ‘थँक यू मॅडम’ म्हणालो.

याच सुमारास रफीक मास्तर आले. माधव नगरात त्यांचं शिलाईचं दुकान होतं. त्यांची मांजर मलका कपड्यांच्या गठ्ठ्यांवर झोपायची. पूर्वी तिनं एका नवरदेवाच्या शेरवानीवर पिल्लं घातली होती, तेव्हापासून माझी सुई चालू होती. आता तिचे दोन्ही बाजूंचे सगळे स्तन सुजून टणक झाले होते, चालताना जमिनीला लागत होते.

“डॉक्टर साब, छह साल की है, माँ बननेवाली नहीं है, फिर ये क्या है?” रफीक मास्तर मला म्हणाले. “मेरी बीवी रो रही है. कह रही है, दुकान बंद कर दो, पहले इसका इलाज करो.”

मी छोटा तुकडा काढून मॅडमकडे नेला. त्यांनी माळ घेतली. ‘चार, पाच, तीन, सहा’. मी लिहीत होतो. ठिपके पुष्कळ होते.

“पेशी घाईत आहेत,” त्या म्हणाल्या. “पण चेहरा कर्करोगाचा वाटत नाही. असं एकाच वेळी सगळीकडे सुजणं मी गाभण मांजरीत पाहिलंय, किंवा बाहेरून संप्रेरक दिलेल्या. हिला काही दिलं होतं का?”

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून माझ्याकडे सरळ पाहिलं होतं. आजही ती नजर माझ्यासमोर आहे. त्यात संशय नव्हता, हेच वाईट होतं.

“नाही, मॅडम,” मी म्हणालो.

“मग धोका पत्करता येणार नाही. दोन्ही बाजू पूर्ण काढा. सोमवारी करा.”

दोन्ही बाजू एकदम काढायच्या, म्हणजे मांजरीचं सगळं पोट उघडं करायचं. त्यातून मलका वाचेलच असं कुणी सांगू शकत नव्हतं. आणि मला ठाऊक होतं, की कदाचित तिला सुरी लागायलाच नको आहे. फक्त माझी सुई थांबायला हवी आहे. ते गुपचूप थांबवता आलं असतं का? मी तोही विचार केला, खोटं सांगत नाही. काहीतरी कारण काढून ऑपरेशन पुढे ढकलावं, सूज उतरेल, कुणाला काही कळणार नाही. पण ती सूज माझ्या सुईची नसेल तर? खरोखरच कर्करोग असेल, तर मी थांबून तिला मारीन. हे ठरवायचं ज्ञान ज्यांच्याकडे होतं, त्यांनाच मी आंधळं केलं होतं.

रविवारी सकाळी मी मॅडमकडे गेलो. त्या पोहे खात होत्या, खडूच्या रेघेच्या अलीकडे. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. सुई, रकाना, सोनी, निबंध. त्यांनी हातातली बशी खाली ठेवली. बाहेर रस्त्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ‘चालते व्हा’ म्हणतील. मी त्याची तयारी करून आलो होतो. खरं सांगायचं, तर तेच मला हवं होतं, म्हणजे सुटलो असतो.

“बसा,” त्या म्हणाल्या. “पोहे गार होताहेत. खाल्लंत का काही?”

मी नकारार्थी मान हलवली.

“खा. मग वही काढा.”

त्यांनी माझ्यापुढे वही, शिसपेन्सिल आणि खोडरबर ठेवलं. “जिथे जिथे ‘काही नाही’ लिहिलंत आणि ते खोटं होतं, तिथे खोडून खरं लिहा. किती वेळा, केव्हापासून. आठवत नसेल तिथे ‘आठवत नाही’ लिहा. पण ‘काही नाही’ लिहू नका.”

मी पानं उलटत होतो. त्या शेजारी बसून होत्या. मधेच म्हणाल्या, “मी रागावले आहे, पागनीस. खूप. पण ते नंतर. आधी मलका.”

त्यांच्याकडे तेव्हा एक मौल्यवान गोष्ट होती. परदेशातून आलेलं प्रतिपिंड, म्हणजे अँटीबॉडी, नखाएवढ्या कुपीत. पेशीत संप्रेरकाला ओळखणारी खूण असली, तर ते तिला चिकटे आणि तिथे तपकिरी रंग चढे. पूर्वी असलं काही मागवायचं तर परवान्यातच वर्षं जात. आता मुंबईच्या एका व्यापाऱ्यामार्फत, बर्फाच्या थर्मासमध्ये, रेल्वेनं आलं होतं. ती कुपी त्या इतक्या जपत, की फ्रीजच्या त्या कप्प्यात दूधसुद्धा ठेवत नसत. त्या दिवशी त्यांनी ती बाहेर काढली. “तुम्ही सांगितलंत. आता गाठीलाही विचारू. मलकाची आणि सोनीची, दोघींची.”

काप आधी कुकरमध्ये शिजवावे लागत, तेव्हाच ती खूण उघडी पडे. मॅडमचा त्यासाठीचा कुकर वेगळा होता, दांड्याला लाल दोरा बांधलेला. त्यात लिंबाच्या सत्त्वाचं पाणी, पाण्यात काचा. शिट्टी झाली. त्यांनी घड्याळ लावलं. भिंतीपलीकडून शेजारच्या ठाकूरबाई ओरडल्या, “मैडम, संडे को छोले बन रहे हैं क्या?”

“हाँ भाभी, पर गल नहीं रहे!”

मी इतक्या यातनेत होतो, तरी हसलो. मॅडम हसल्या नाहीत.

रंग चढायला अर्धा दिवस गेला. संध्याकाळी त्यांनी पहिली काच लावली, पाहिली आणि मला बसायला जागा दिली. “दिसलं काय?”

मलकाच्या पेशींची केंद्रकं तपकिरी झाली होती, जवळजवळ सगळी. “तपकिरी, मॅडम. सगळीकडे.”

“म्हणजे ही सूज हुकमाची ताबेदार आहे. तुमची सुई हुकूम देते, ती वाढते. हुकूम थांबवा, ओसरेल. कापू नका.” मग दुसरी काच लावली. “आता?”

सोनीची. निळी, फिकट, एकही तपकिरी ठिपका नाही.

“हिच्यात नाही.”

“हिनं हुकूम ऐकणं केव्हाच सोडलं होतं. सुरुवात कशानं झाली, कोण जाणे.”

“माझ्यामुळेच ना, मॅडम?”

त्यांनी काच काढून बाजूला ठेवली. मग हळू म्हणाल्या, “मांजरींना सुईशिवायही होतं. सुईनं जास्त होतं. सोनीला कशामुळे झालं, हे मला सांगता येणार नाही, तुम्हालाही कधी सांगता येणार नाही. हे काही माळेवर मोजून मिळायचं नाही. तुम्हाला ते न मोजताच बाळगावं लागेल.”

माझ्या आयुष्यात मला कुणी इतकं कठोर आणि इतकं न्याय्य काही सांगितलेलं नाही.

मलकाची सूज दीड महिन्यात उतरली. रफीक मास्तरांना मी सगळं खरं सांगितलं. त्यांनी दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. तिसऱ्या दिवशी दुकानातून हाक मारली, “आओ डॉक्टर साब, नाप दे जाओ. तुम्हारी कमीज़ बहुत ढीली है, आदमी दुबला हो गया है.”

पण मॅडमचं संपलं नव्हतं. सुई दिलेल्या सगळ्या मांजरींची यादी त्यांनी माझ्याकडून करून घेतली आणि घरोघरी पाठवलं. जायचं, मांजरीला हातानं तपासायचं, मालकाला खरं सांगायचं.

मी म्हणालो, “तपासून येतो मॅडम. पण सांगायचं कशाला? लोक दुसऱ्या डॉक्टरकडे जातील, तेवढंच.”

“तुमच्यासाठी नाही सांगायचं,” त्या म्हणाल्या. “ज्यांची मांजर गेली, ते घरी बसून स्वतःला दोष देत असतील. त्यांच्यासाठी सांगायचं.”

मला ते पटलं नव्हतं. तरी कानड्यांकडे सर्वांत आधी गेलो, कारण तिथेच सर्वांत जास्त भीती होती. पोस्टमास्तर बाहेर खुर्चीवर बसले होते. मी सांगितलं. ते ऐकत राहिले. मग त्यांनी चष्मा काढला.

“म्हणजे मी उशीर केला म्हणून नाही?”

“नाही, काका.”

“मला ती गाठ दिवाळीत हाताला लागली होती. म्हटलं, पाहुणे जाऊ द्या, मग नेऊ. आमच्या हिला पण सांगितलं नाही. तेव्हापासून रोज...” त्यांनी चष्मा पुसून परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, “तुम्ही चूक केलीत डॉक्टर. पण बरं झालं आलात.”

मी त्यांच्या अंगणातून बाहेर पडलो आणि कण्हेरीपाशी थांबलो. या वेळी मी डोळे पुसले, ते पुसणं खरं होतं.

निबंध मॅडमनी मागे घेतला नाही. तो फाडला आणि नवा लिहिला. विषय बदलला: गर्भनिरोधक इंजेक्शन आणि मांजरीच्या स्तनातले बदल, खुणांच्या आधारे. माझं नाव ठेवलं. एक वाक्य घातलं: ‘ही इंजेक्शनं याच निबंधाच्या दुसऱ्या लेखकानं दिली होती आणि आधीच्या नोंदी चुकीच्या होत्या, त्या त्यानंच दुरुस्त केल्या.’ परिषदेत त्या बोलल्या, आणि त्या वाक्यापाशी आल्यावर कागद माझ्याकडे सरकवला. “हे तुम्ही वाचा.” मी उभा राहून वाचलं. मग मागच्या बाकावरचा कुणी अनोळखी डॉक्टर उठला आणि म्हणाला, “आम्हीही देतो हे इंजेक्शन.” त्याच्यामागून आणखी एक उठला. मॅडमनी त्यांची नावं विचारली नाहीत. फक्त म्हणाल्या, “बरण्या पाठवू का?”

परत येताना बसमध्ये त्या खिडकीशी बसल्या होत्या. मी विचारलं, “मॅडम, तुम्ही रागावणार होतात. नंतर म्हणाला होतात.”

“राहिलंच,” त्या म्हणाल्या. “आता वय झालं, वेळ मिळत नाही.”

त्यांनी मला ती शस्त्रक्रिया शिकायला त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे धाडलं. मी रजा काढून गेलो आणि हात बसेपर्यंत शिकलो. त्यानंतर मी किती मांजरींच्या गर्भपिशव्या काढल्या, त्याची मोजदाद नाही. मलकाचीसुद्धा मीच काढली. ती पुढे आठ वर्षं जगली आणि शेरवान्यांवर निर्धास्त झोपली.

मॅडमना शेवटी डोळ्यांनी दगा दिला. पडद्याचा आजार, मधोमध अंधार. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. मायक्रोस्कोपसाठी याहून वाईट काही नसतं. त्यांनी तक्रार केली नाही. खडूची रेघ मात्र चमच्याला चुकून ओलांडता येऊ नये म्हणून पलीकडचं सामान एका खोलीत हलवलं आणि किल्ली मला दिली. त्यानंतर दर रविवारी मी जायचो, काच लावायचो आणि मोजायचो. त्या शेजारी खुर्चीवर बसून ऐकायच्या.

शेवटचं त्यांना पाहिलं, तो असाच रविवार होता. पुढच्या आठवड्यात भाचा त्यांना नागपूरला नेणार होता. सामान बांधून झालं होतं, मायक्रोस्कोप तेवढा उघडा होता. एका नव्या मांजरीची काच होती. मी डोळा लावला, त्यांनी माळ हातात घेतली. बोटांची काळी टोकं आता उजळली होती, कितीतरी महिने चांदीला हात लागला नव्हता.

“हं,” त्या म्हणाल्या.

“दोन. एक. दोन. दोन. तीन.”

मणी सरकत होते. बाहेर भाजीवाला ओरडत होता. साठ-सत्तर पेशी झाल्या असतील. मी काच हलवताना जागा चुकली, आणि एक पेशी दुसऱ्यांदा मोजल्याचं माझ्या लक्षात आलं. एका पेशीनं काही बिघडत नव्हतं. त्यांना दिसतही नव्हतं.

“मॅडम, थांबा. ही आत्ताच मोजली होती. दोनदा झाली.”

त्यांचं बोट थांबलं. त्यांनी तो मणी सावकाश मागे घेतला, आणि मी कुठे बसलो आहे त्याच्या थोडं बाजूला बघत, जिथून त्यांना मी दिसू शकत होतो, हसल्या.

“चालू द्या,” त्या म्हणाल्या.